शंभर मीटरचे गुण पहिल्या तीस मीटरांत

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की करावे गावालगतच्या पाम बीच मार्गाच्या कडेने पहाटेच्या अंधारात धावणारी मुले-मुली वाढतात. राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या बायपासवरही हेच दृश्य दिसते. लांब अंतर, दम लागेपर्यंत धावायचे, हीच बहुतेकांची तयारी. मुलांच्या १६०० आणि मुलींच्या ८०० मीटरसाठी ती योग्यच आहे. पण शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण १०० मीटरला असतात. त्यासाठी वेगळा सराव लागतो, हे फारसे कुणी सांगत नाही.

पैकीच्या पैकी गुणांसाठी मुलांना ११.५० आणि मुलींना १४ सेकंदांची अट असते. पुढे सेकंदागणिक गुण घसरतात. गुणवत्ता यादी एकेका गुणावर अडते, तिथे दोन-तीन गुण म्हणजे नोकरी. तरीही ‘वेग उपजतच असावा लागतो’ असे म्हणून हा भाग सोडून दिला जातो. त्यात अर्धेच सत्य आहे. जलद आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंचे प्रमाण बरेचसे जन्मजात असते, पण पायातली ताकद जमिनीत कशी उतरवायची, हे शिकता येते.

पाय भराभर हलवले की वेग वाढतो, हा सर्वांत जुना गैरसमज. अमेरिकेतील संशोधक पीटर वेयँड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले, की वेगवान आणि संथ धावपटू पाय हवेतून पुढे आणायला जवळपास सारखाच वेळ घेतात. वेगवान धावपटू जमिनीला अधिक जोराने ढकलतो, तेही सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या क्षणात.

सुरुवातीला हा जोर मागच्या दिशेने लागायला हवा. त्यासाठी शरीर पुढे झुकलेले हवे आणि तो झुकाव घोट्यापासून हवा. अनेक जण कमरेत वाकतात, त्याने काही साधत नाही. पहिल्या काही पावलांत नजर खाली, हातांची फेक खांद्यातून आणि पाऊल शरीराच्या खाली किंवा किंचित मागे, चवड्यावर पडलेले. लांब टांग टाकण्याच्या नादात टाच पुढे टेकली, की प्रत्येक पाऊल ब्रेक ठरते. शिट्टी वाजताच ताडकन सरळ उभे राहणे ही नवख्यांची नेहमीची चूक. अंग हळूहळू, वीस-तीस मीटरांत सरळ व्हावे.

उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा ६० ते ८० मीटरचा टप्पा १.६१ सेकंदांत आणि शेवटचे वीस मीटर १.६६ सेकंदांत पार केले. म्हणजे शेवटी तोही मंदावलाच. सराव नसलेल्याचा सर्वोच्च वेग तर तीस-चाळीस मीटरच्या आसपासच गाठला जातो आणि पुढे तो टिकवायचा असतो. त्यामुळे सुरुवात बिघडली, तर पुढे भरपाईला जागा फार थोडी उरते.

मग सराव कसा? वीस-तीस मीटरच्या सहा-आठ धावा, पूर्ण जोर लावून, आठवड्यातून दोनदा. प्रत्येक धावेनंतर दोन-तीन मिनिटे विश्रांती हवी. हा आळस नव्हे. अशा धावेला ऊर्जा पुरवणारा स्नायूंतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा काही सेकंदांतच रिता होऊ लागतो आणि भरायला मिनिटे लागतात. धापा टाकत काढलेली धाव दम वाढवते, वेग नाही. म्हणून हा सराव लांब पल्ल्याच्या आधी, ताज्या अंगाने करावा. सौम्य चढावर धावले की झुकाव आपोआप साधतो. पारसिक टेकडीचा चढ मात्र त्यासाठी फार उभा आहे.

मांडीच्या मागचे स्नायू पूर्ण वेगातच बहुधा दुखावतात. अंग गरम न करता थेट धाव घेणाऱ्याची भरती तिथेच संपू शकते. गुडघ्यांवर उभे राहून, सोबत्याने घोटे धरून ठेवले असताना अंग सावकाश पुढे सोडण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम या दुखापती लक्षणीयरीत्या कमी करतो. त्याला साहित्य लागत नाही, एक मित्र पुरतो.

तोच मित्र मोबाइलवर वेळ लावतो, तिथे दुसरी फसगत होते. हाताने लावलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण ०.२४ सेकंदाने कमी भरते, असे ॲथलेटिक्समध्ये धरले जाते. रस्त्यावर ११.४ सेकंद घेणाऱ्याला मैदानावर ११.६ दिसले, तर तो तिथल्या यंत्राला दोष देतो. त्यात अंतरही पावलांनी मोजलेले असते.

शाळा-महाविद्यालयांत क्रीडाशिक्षक आहेत, पण भरतीची तयारी करणारी ही मुले बहुतांशी त्या भिंतींबाहेरची. ज्या गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, त्यांत करावेही आहे. तिथल्या मुलांना डांबरी रस्त्याऐवजी मातीची शंभर मीटरची मोजलेली पट्टी देणे महापालिकेला जड नाही. नव्या संकुलाची वाट पाहण्याचीही गरज नाही. आहे त्याच एखाद्या मैदानाच्या कडेला फक्कीच्या रेषा, तीस मीटरवर एक खूण आणि आठवड्यातून दोन सकाळी एक प्रशिक्षक, एवढे पुढच्या भरतीच्या आधी सहज होऊ शकते.