पकड हवी की टायर टिकायला हवा?

होंडाने १९९० साली एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. इंजिन चालकाच्या मागे, बॉडी ॲल्युमिनियमची, आणि घडत असतानाच खुद्द फॉर्म्युला वन शर्यतपटू आयर्टन सेनाने चालवून पाहिलेली. गाडीचं कौतुक झालं. मात्र सुरुवातीच्या अनेक मालकांची तक्रार होती की मागचे टायर काही हजार मैलांतच उरकतात. मागच्या चाकांना टो-इन बराच दिलेला होता, म्हणजे वरून पाहिलं तर दोन्ही चाकं पुढच्या अंगाने किंचित एकमेकांकडे वळलेली. पुढे कंपनीने हा कोन कमी केला.

म्हणून मूळचा कोन चूक होता, असं म्हणता येत नाही. अशा गाडीचं निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकांवर असतं. भर वळणात चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की भार पुढे सरकतो, मागची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरू शकते. टो-इन ही सवय आटोक्यात ठेवतो. टायर बदलता येतो, फिरलेल्या गाडीचं काय होईल ते सांगता येत नाही. अभियंत्यांनी हा हिशेब केला असेल तर त्यांना दोष कसा द्यावा?

दुसऱ्या बाजूने, या स्थैर्याची किंमत सरळ रस्त्यावरही मोजावी लागते. चाक प्रवासाच्या दिशेशी ०.२ अंश तिरकं असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेतीन मीटर आडवं ओढलं गेल्यासारखं होतं. टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवून पाहा: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर दोष बहुधा टोचा, म्हणजे चाकाच्या या तिरकेपणाचाच.

कॅम्बरचं, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकावाचं, प्रकरण अधिक गुंत्याचं आहे. चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल, तर वळणात गाडी कलल्यावर बाहेरच्या बाजूचा टायर पूर्ण रुंदीने रस्त्याला टेकतो. म्हणजे रेस ट्रॅकवर हा झुकाव टायरची बाहेरची कड वाचवतोच. महामार्गावर मात्र त्याच झुकावामुळे भार आतल्या कडेवर येतो. पोर्श ९११च्या मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा जास्त झुकाव असतो, तो विचारपूर्वक दिलेला. पण आतली कड सहज दिसत नाही, हीच अडचण. बाहेरून टायर नवा वाटतो आणि आत तारा उघड्या पडलेल्या असतात.

कंपनीचे आकडे प्रमाण मानणाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे. ते पूर्ण गाडीचा तोल पाहून ठरलेले असतात. ते आपल्या गरजेनुसार बदलावेत म्हणणाऱ्या हौशी चालकांचंही खोटं नाही, कारण ते आकडे सर्वसाधारण चालकासाठी असतात. तरीही गाडी मुख्यतः रस्त्यावरच चालणार असेल, तर माझा कल असा: कॅम्बर कंपनीच्या मर्यादेत तसाच ठेवावा आणि टो त्याच मर्यादेच्या खालच्या टोकाला आणावा. माफक कॅम्बर एकटा टायर फारसा खात नाही. त्याला चुकीच्या टोची जोड मिळाली की आतली कड झपाट्याने जाते. यात मागची बाजू थोडी चंचल होईल, विशेषतः ओल्या वळणावर. ज्याला ते नको, त्याने टायरचा खर्च खुशाल सोसावा.

कॅम्बर बदलला किंवा गाडी खाली बसवली की टोही बदलतो. तेव्हा अलाइनमेंट करताना टो सगळ्यात शेवटी मोजून घ्या, आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा आणि गाडी लिफ्टवर असतानाच टायरची आतली कड स्वतः पाहा.