शर्यतीची सायकल आणि मापाचा सवाल

माझा भाचा कॅनडात असतो. व्हिसलरच्या डोंगरावरील सायकल-पार्कात उतरणीवर सुसाट येण्याचा त्याला शौक. २०२३ मध्ये त्याने कार्बनची डाऊनहिल सायकल घेण्यासाठी माझ्याकडे रक्कम मागितली. मी कापडाचा व्यापारी. आधी विचारले, "बेटा, घड्याळ लावून उतरणार, की दिवसभर लिफ्टने वर जाऊन पुन्हा पुन्हा उतरणार?" माझ्या मते सारा सौदा या एका सवालावर आहे.

शर्यतीत सेकंदाच्या अंशाने हारजीत होते; तिथे हलक्या कार्बनला मोल आहे. पार्कात सायकल रोज आपटते. ॲल्युमिनियमची फ्रेम थोडी जड, पण स्वस्त. उरलेल्या पैशांत टायर, ब्रेक-पॅड येतात. सुमारे २०० मिलिमीटर दबणारे सस्पेन्शन दोन्हींत असतेच. मात्र मागची स्प्रिंग स्वाराच्या वजनाला साजेशी हवी. ६० किलोच्या पोराला ९० किलोवाल्याची स्प्रिंग दिली, तर महागडी सायकलही हाडे खिळखिळी करते. मापाशिवाय शेरवानी कोण शिवतो? शिवाय ही सायकल चढावर चालवण्याच्या कामाची नाही, म्हणून लिफ्टच्या तिकिटाचाही हिशेब धरावा.

भाच्याने ॲल्युमिनियमची घेतली. स्प्रिंग मात्र दोनदा बदलावी लागली.