नसबंदी सरकारी, मग नलिका जोडणीही सरकारीच हवी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील जवळपास निम्म्या विवाहित महिलांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण अर्धा टक्काही नाही. सरकारी नियमानुसार 22व्या वर्षीही ही शस्त्रक्रिया होऊ शकते. पुढे मूल दगावले किंवा पुनर्विवाह झाला, तर नांदगाव पेठसारख्या गावातील बाईपुढे दोन मार्ग उरतात. पहिला, गर्भनलिका पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया. वय कमी असेल, नलिका पुरेशी लांब उरली असेल आणि ती जाळण्याऐवजी रिंग लावून बंद केली असेल, तर यशाची शक्यता चांगली. मात्र नंतर गर्भ नलिकेतच राहण्याचा धोका वाढतो, म्हणून लवकर सोनोग्राफी हवी. दुसरा, टेस्ट ट्यूब बेबी. त्यात नलिकेची गरज नसते, पण खर्च मजुराच्या आवाक्याबाहेरचा असतो.

‘कायमची म्हणून सही केली, आता तक्रार कसली?’ असे कोणी म्हणेल. पण सहीने उद्याचे संकट टळत नाही. लोकसंख्यावाढीची भीतीही फोल आहे. त्याच सर्वेक्षणात राज्याचा प्रजनन दर 1.7 वर आला होता. सरकारी खर्चाचा आक्षेप खरा असला, तरी प्रत्येक तालुक्यात नलिका जोडणीची सोय कोणी मागत नाही; अमरावती-अकोल्यासारख्या विभागात एक सुसज्ज सरकारी केंद्र पुरे. सोबत नसबंदीआधी तांबीसारखे तात्पुरते उपाय आणि पुरुष नसबंदी नीट समजावून सांगितली, तर जोडणीची वेळच कमी जणींवर येईल.