खुर्चीत बसायचा खेळ

पार्क मैदानावर क्रिकेट खेळताना झेल सुटला, तर पुढच्या चेंडूला भरपाई करता येते. स्नूकरमध्ये मात्र नेम चुकला, की पाळी संपली! मुकाट्याने खुर्चीत बसायचं आणि समोरचा चुकेपर्यंत नुसतं बघत राहायचं.

मुंबईच्या आदित्य मेहताचंच बघा ना. ऑक्टोबर २०१३ मध्ये दिल्लीला इंडियन ओपन ही व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा झाली. जागतिक क्रमवारीचे गुण देणाऱ्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. पण चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५-० असं हरवलं. एकही डाव हाती लागला नाही!

आदित्य खचला का? छे! ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मनीत पॉल हंटर क्लासिक स्पर्धेत त्याने एकाच पाळीत १४७ गुण केले. व्यावसायिक स्पर्धेत असं करणारा पहिला भारतीय!

आता १४७च का, ते बघू. लाल चेंडू १५, प्रत्येकी १ गुण. दर लाल चेंडूनंतर एक रंगीत चेंडू घ्यायचा. त्यात काळा सर्वांत मोलाचा, ७ गुणांचा. म्हणजे १५ × ८ = १२०. शेवटी सहा रंगीत चेंडू ओळीने : २+३+४+५+६+७ = २७. झाले की नाही १४७? सलग ३६ वेळा अचूक नेम, बरं का!

एखादा पेपर अवघड गेला, तर हे जरूर आठवा. आणि हो, दर वेळी काळ्याऐवजी ६ गुणांचा गुलाबी घेतला, तर एकूण गुण किती? आई-बाबांना विचारायचं नाही हं!