वाऱ्याचा ठेका

आमच्या चंद्रपुराहून समुद्र कुठूनही शेकडो मैल दूर. त्यामुळे कवितेत 'शीड' आले की वर्गात चेहरे कोरे. परवा एटापल्लीकडच्या एका मुलीने मात्र माझी लाज राखली. म्हणाली, "सर, धान उपणताना वारा पडला की माझी आई सूप ठेवून बसते. गलबताचंही तसंच होत असेल ना?"

अगदी तसेच! म्हणून तर वाफेचे यंत्र आले आणि हळूहळू शिडे उतरली. आता ती पुन्हा चढू लागली आहेत. इंजिन काढून नव्हे, त्याच्या मदतीला. 2023 च्या ऑगस्टमध्ये 'पिक्सिस ओशन' नावाचे मालवाहू जहाज शांघायहून ब्राझीलला निघाले, ते पाठीवर दोन उभे पंख घेऊन. कापडाचे नव्हेत, पोलाद आणि काचतंतूंचे, 37.5 मीटर उंच. विमानाच्या पंखाला वारा वर उचलतो, या उभ्या पंखांना तो पुढे ओढतो. बंदरात ते आडवे निजतात. सहा महिन्यांच्या चाचणीत रोज सरासरी 3 टन इंधन वाचले. मनाजोगता वारा लागला तेव्हा दिवसाला 11 टनांहून अधिक.

सुरजागडसारखाच लोखंडी दगड वाहणारे एक अजस्र जहाजही 2021 साली पाच उभे, गरगर फिरणारे नळकांडे लावून निघाले. ही युक्ती फ्लेटनर या जर्मन माणसाची, 1924 सालची!

"मग सगळेच का लावत नाहीत, सर?"

पोरीने नेमके दुखणे धरले. पुष्कळ जहाजे मुदतीच्या भाड्याने चालतात. तेलाचे पैसे भाडेकरू भरतो. शिडाचा खर्च मात्र मालकाने करायचा. म्हणजे मालकाने विहीर खोदावी आणि पाणी सारे ठेक्याने कसणाऱ्याच्या धानाला जावे. मालक म्हणतो, ठेका वाढवून दे. कसणारा म्हणतो, आधी पाणी दाखव. 'पिक्सिस ओशन'ही असेच, मालक मित्सुबिशी आणि भाड्याने घेणारी कारगिल. पण तिथे दोघे मिळून चाचणीला उतरले. म्हणून मला त्या पंखांच्या उंचीपेक्षा भर समुद्रात मोजलेल्या त्या 3 टनांचे मोल अधिक वाटते. पाणी दिसले, आता भाव ठरवता येईल.

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि सर, ज्या वर्षी वाराच कमी वाहिला, त्या वर्षी ठेका कमी करायचा का?"

मराठीच्या मास्तराने यावर काय बोलावे? मी तिला वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांकडे धाडले.