कोवळ्या वयांतील मदत

दरवर्षीं स्नेहसंमेलनाच्या प्रसंगीं आमच्या शाळेंत गरीब व होतकरू विद्यार्थ्यांस पारितोषिकें व पुस्तकें दिलीं जातात. ही प्रथा स्तुत्य आहे व ती चालू राहावी. परंतु एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. जो मुलगा हायस्कुलापर्यंत येऊन पोंचला, त्यानें अर्धी वाट केव्हांच चालून टाकली आहे. ज्याचें पाऊल या वाटेवर पडलेंच नाहीं, त्याचा हात कोणीं धरावयाचा?

आपल्या जिल्ह्यांतच पाहावें. पाऊस सरला कीं आंब्याच्या बागा राखण्यासाठीं नेपाळांतून कित्येक कुटुंबें येथें येतात, बागेंतल्या खोपटांत राहतात आणि हंगाम संपतांच परत जातात. बाप राखणीस, आई कामास, आणि दोन वर्षांचें पोर दाराशीं धुळींत बसलेलें, हें दृश्य कोणी पाहिलें नसेल? त्याचें वजन घेणारें, त्याच्याशीं चार शब्द बोलणारें पुष्कळदां कोणी नसतें.

हें दुःख एकट्या रत्नागिरीचें नाहीं. युनिसेफ व जागतिक बँक यांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांतील दर सहा मुलांपैकीं एक मूल अत्यंत दारिद्र्यांत वाढत होतें. अशा मुलांची संख्या सुमारें ३३ कोटी होती.

एवढा मोठा आंकडा ऐकून माणूस हताश होतो. पण वेळेवर मिळालेली लहानशी मदतही किती दूर पोंचते, याचा एक दाखला आहे. वेस्ट इंडीजमधील जमेका बेटांत, किंग्स्टन शहरीं, १९८६-८७ सालीं वाढ खुंटलेल्या १२९ बालकांची पाहणी सुरू झाली. त्यांपैकीं कांहींच्या घरीं आरोग्यसेविका दोन वर्षें आठवड्यास एकदां जाई आणि मुलाशीं कसें बोलावें, कसें खेळावें हें आईस दाखवी. वीस वर्षांनीं पाहतां, ज्यांच्या घरीं अशा भेटी झाल्या त्यांची कमाई इतरांपेक्षां सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक आढळली. मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगानें होते. हापूसच्या कोवळ्या कलमास पहिले उन्हाळे पाणी द्यावेंच लागतें, हें येथील बागायतदारांस आम्हीं काय सांगावें!

महाराष्ट्रानें हें तत्त्व फार पूर्वीं ओळखलें होतें. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी गरीब वस्तींतील मुलें तेथें येईनात. तेव्हां मुलांस किंवा आईबापांस दोष न देतां या दोघी स्वतःच त्या वस्तींत गेल्या आणि अंगणांतच मुलें जमवून त्यांस शिकवूं लागल्या. हीच अंगणवाडी. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांस हेंच नांव मिळालें. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी व शाळेपूर्वींचें शिक्षण सहा वर्षांखालील मुलांस तेथें मिळावें, अशी योजना आहे.

कोणी म्हणेल, "सरकारनें सोय केली आहे, मग आम्हीं काय करावें?" सोय असणें निराळें आणि ती मुलापर्यंत पोंचणें निराळें. परमुलुखांतून आलेल्या आईस अंगणवाडी कोठें आहे हें ठाऊक नसतें, भाषा येत नाहीं, आणि चार महिन्यांत पुन्हां बिऱ्हाड हालवावयाचें असतें. तिला सेविकेकडे घेऊन जाणारा एक शेजारी हवा असतो.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या बागा आहेत. राखणदार ठेवतांना मजुरीबरोबर त्याच्या मुलांचीही चौकशी करावी आणि पहिल्याच आठवड्यांत अंगणवाडीसेविकेस कळवावें. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हींही वडील मंडळींस विचारून एखाद्या शनिवारीं दुपारीं तेथें जावें, गोष्ट सांगावी, चेंडू खेळावा. यास पैसा लागत नाहीं.

पुढील वर्षीं याच पानांवर, पारितोषिकांच्या यादीशेजारीं, आपण किती मुलें अंगणवाडीपर्यंत पोंचविलीं तो आंकडा छापतां आला, तर आम्हांस धन्यता वाटेल. तो आंकडा लहान असला तरी चालेल.