एकट्याने जाऊ द्या

आपल्या समाजात परदेशी जाणे आता नवलाईचे राहिलेले नाही. कुणाचा मुलगा पुण्याहून अमेरिकेस जातो, कुणी निवृत्तीनंतर टूर कंपनीबरोबर सिंगापूर-थायलंड करून येतो. पण एखादी मुलगी "पाठीला सॅक लावून एकटीच पंधरा दिवस फिरून येते" म्हणाली की घरात शांतता पसरते. मग प्रश्न सुरू होतात. सोबत कोण? जेवणाचे काय? काही झाले तर? हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु त्यांचे उत्तर 'जाऊ नको' हे नसून 'तयारी करून जा' हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या शाळेची माजी विद्यार्थिनी आणि आज एका मुलीची आई या नात्याने ते पालक व विश्वस्तांपुढे मांडते.

एकट्याने देशोदेशी हिंडणे ही नव्या पिढीची हौस आहे असे आपल्याला वाटते. खरे पाहता मराठी माणसाला ही वाट जुनीच आहे. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या अगदी तोंडावर घरातून निघाले. जवळ पैसा नाही, पुढे ओळख नाही. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा एवढाच ध्यास. पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीला पोचले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले आणि पुढे नेपाळला गेले. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते तिथे सापडलेच नाही. दुसरा कुणी घरी परतला असता. कोसंबी बुद्धगयेला आले, तिथून कलकत्त्याला आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांजवळ ते पाली शिकले. पुढे १९१० मध्ये याच गृहस्थांना बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जाण्याचा योग आला. नेपाळची निराशा पदरी आली नसती, तर कोलंबोची वाट कदाचित दिसलीच नसती. प्रवासातली फजिती कधी कधी पुढची वाट दाखवते, ती अशी.

कोसंबी पुरुष होते, त्यांचे निभले, असे कुणी म्हणेल. तर त्यांच्या आधी, एप्रिल १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण घरचे असे कुणीच नव्हते. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या काळी मोबाईल नव्हता. पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. आज दर तासाला लेकीचा आवाज ऐकण्याची सोय असताना आपण तिला अडवतो, हे थोडे विचित्र नाही का?

'निवेदन' हे कोसंबींचे आत्मकथन वाचल्यापासून मला श्रीलंका पाहायची होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी एकटीच गेले. बालाघाटहून गोंदिया, नागपूर, चेन्नई आणि तिथून जेमतेम दीड तासाचे विमान. फजिती पहिल्याच दिवसापासून सुरू झाली. तिथे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि मी नेमकी पौर्णिमेला पोचले. बरीच दुकाने बंद. एटीएमने कार्ड नाकारले. गेस्ट हाऊसच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "पैसे उद्या द्या, आधी जेवा." जेवायला भात, आमटीसारखे परिप्पू आणि ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी. चटणी छान लागली म्हणून नाव विचारले, तर कळले की तिच्यात सुक्या माशाचा चुरा असतो! आम्ही पिढीजात शाकाहारी. त्या बाईंनाच माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळी चटणी वाटलेली होती. २०२२ च्या आर्थिक संकटानंतर तिथे अजूनही ठराविक वेळी वीज जात असे. बाकीचे परदेशी पाहुणे हैराण झाले. मी मात्र बालाघाटची. लोडशेडिंगमध्ये अभ्यास करून मॅट्रिक झालेली. मला अगदी घरच्यासारखे वाटले.

सुखे लहानच होती, पण ती कुठल्याही टूरच्या यादीत सापडायची नाहीत. कोलंबोहून कँडीला जाताना गाडीत बसायला जागा नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या आजींना मी सिंहली आकडे विचारले. त्या म्हणाल्या, एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय. मी आपले मराठी आकडे म्हणून दाखवले आणि आमच्या भोवतीचे लोक हसू लागले. मग हाताला अत, कानाला कन, दाताला दत, अशी उजळणीच सुरू झाली. मोठ्या बहिणीला तिथेही 'अक्का' म्हणतात. कँडी येईपर्यंत मी साऱ्या डब्याची अक्का झाले होते. डब्यात डाळीचे गरम वडे विकायला आले, ते आजींनीच मला घेऊन दिले. माळिगाकंद भागातला तो परिवेणही पाहिला. तिथे उभी असताना मनात आले, ना फोन ना पैसा अशा अवस्थेत कोसंबी इथवर आले, तेव्हा वाटेत त्यांनाही कुणीतरी जेवू घातलेच असेल.

मुद्दा हाच आहे. एकट्याने जाणे म्हणजे कुणाच्याही आधारावाचून जाणे नव्हे. घोळक्यात जाणारा आपल्याच माणसांत राहतो. एकट्याला मात्र विचारावे लागते, ऐकावे लागते, अनोळखी माणसाची पारख करावी लागते, मदत घ्यावी आणि द्यावी लागते. आपल्या मुलांकडे यासाठी लागणारी शिदोरी आधीच आहे. घरी मराठी, बाजारात हिंदी, शाळेत थोडी इंग्रजी, असे तीन भाषांत वावरणारे मूल परक्या बोलीला घाबरत नाही. उणीव आहे ती सरावाची.

तो सराव घरापासून व्हावा. आठवीतल्या मुलाने किंवा मुलीने स्वतः तिकीट काढून गोंदियाला मावशीकडे जाऊन यावे. दहावीनंतर नागपूरला, बारावीनंतर दुसऱ्या राज्यात आठवडाभर. परदेश त्यानंतर. पहिल्या रात्रीची राहण्याची जागा आधी ठरवावी, शक्यतो उजेडी पोचावे, पासपोर्टच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, पैसे एकाच खिशात नसावेत, विमा काढावा, त्या देशातील आपल्या वकिलातीचा नंबर लिहून ठेवावा आणि घरी फोन करण्याची वेळ पक्की असावी. मन साशंक झाले की संकोच न करता तिथून निघावे. जगात वाईट माणसे आहेत, आणि मुलींना अधिक सांभाळावे लागते, हे मी नाकारत नाही. पण सावधपणा शिकवता येतो. घरात कोंडून ठेवलेल्या मुलीला तो शिकायला मिळत नाही. मुलासाठी एक नियम आणि मुलीसाठी दुसरा, हे तर मुळीच नको.

विश्वस्त मंडळाला एक सूचना आहे. सहलीच्या बसमध्ये मुले मोजून बसवणे आवश्यकच आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. नकाशा वाचणे, रेल्वेचे आरक्षण, पासपोर्टचा अर्ज यांवर वर्षातून दोन तास तरी द्यावेत. शक्य झाल्यास बारावी झालेल्या एका मुलाला आणि एका मुलीला दरवर्षी छोटीशी प्रवासवृत्ती द्यावी. अट एकच असावी: परतल्यावर आपली फजिती आणि आपला आनंद, दोन्ही याच अंकात मराठीत लिहून द्यायचे.

पालकांनो, मूल निघताना डोळ्यांत पाणी येणारच. ते येऊ द्यावे, आणि डब्यात थोडी शेंगदाण्याची चटणी बांधून द्यावी. पुढचे त्याचे तो पाहील, तिचे ती पाहील.